नारळासाठी दाबलेली शिंक

माझा आजार सांगितला की लोक आधी हसतात. कॅन्सर म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो, हार्ट अटॅक म्हटलं की स्वतःच्या छातीवर हात ठेवतो. पण "शिंक दाबली आणि घसा आतून फाटला" म्हटलं, की ओठांचे कोपरे हलायला लागतात. हसा. मीही हसले असते. पण हल्ली हसताना माझा आवाज चिरकतो, मग लोक हसायचे थांबतात आणि सहानुभूतीने बघतात. त्यापेक्षा हसलेलं परवडलं.

मी कार्यक्रमांचं निवेदन करायची. पुस्तक प्रकाशन, सत्कार, गाण्याची मैफल, निवृत्तीचा निरोप समारंभ. पुण्यात रोज कुठे ना कुठे कुणाचा तरी सत्कार असतोच, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. माझा आवाज बरा होता. बरा म्हणजे चांगला होता; आता तो राहिलेला नाही, तेव्हा विनय दाखवण्यात अर्थ नाही. लोक मला चेहऱ्यावरून ओळखत नसत, पण रिक्षात बसून पत्ता सांगितला की एखादा रिक्षावाला मागे वळून म्हणायचा, "मॅडम, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय."

सासरचा रिवाज

माझं माहेर विश्रांतवाडीचं. वडील पोस्टात होते. बुटाची नाडी बांधताना ते दणकून शिंकायचे आणि तसेच कामावर निघायचे. त्यांना कुणी थांबवलं नाही, आणि टपाल काही बुडालं नाही. माझं नाक वडिलांवर गेलंय. धूळ, उदबत्ती, फोडणी, कशानेही शिंका सुरू होतात.

सासर कात्रजच्या पलीकडचं. पूर्वी ते गाव होतं, आता शहरात आलंय. शेताच्या जागी आधी भाड्याच्या खोल्या आल्या, मग इमारती. माझा धाकटा दीर प्रकाश बिल्डर झाला. जमीन शहरात आली, माणसं बंगल्यात आली, पण शिंक होती तिथेच राहिली. कुणी बाहेर निघालं आणि घरात कुणी शिंकलं, की निघणारा उंबऱ्यावरून मागे फिरणार, खाली बसणार, सासूबाई पाणी आणणार, तो दोन घोट पिणार आणि मग नव्याने निघणार. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. शिंकणाऱ्याकडे त्या अशा बघायच्या, की पुढची शिंक तिथल्या तिथे विरावी.

प्रकाश एकदा एका मोठ्या जमिनीचे कागद करायला निघाला होता आणि मी स्वयंपाकघरात मिरची भाजताना शिंकले. तो बसला, पाणी प्यायला, गेला. व्यवहार फिसकटला. जमिनीच्या मालकांच्या भावाभावांतच भांडणं होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी जबाबदार ठरलं माझं नाक. कामात कुठे माशी शिंकली, असं लोक म्हणतात. आमच्याकडे माशी नव्हती, सून होती.

तेव्हापासून घरात कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की मी नाक चिमटीत धरायला शिकले. सुरुवातीला कानात दडे बसायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मग सवय झाली. सुनील, म्हणजे माझा नवरा, आयटीत आहे, एरवी शहाणा आहे. तो म्हणायचा, "आईचं वय झालंय गं, तेवढ्यासाठी कशाला वाद?" घरात मोठ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते आणि एरवी तू. त्याचीही अशीच दोन रूपं आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

तो दिवस

प्रकाशच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं. मांडव, खुर्च्या, फ्लॅट बुक करायला आलेली माणसं, एक माजी नगरसेवक, त्यांच्या मागे त्यांचे चार जण. निवेदन अर्थातच मी करायचं होतं, कारण घरच्या माणसाला मानधन द्यावं लागत नाही.

सकाळीच प्रकाशने हात जोडले. "वहिनी, आज तेवढं नाक सांभाळा. पाया पडतो तुमच्या."

आत्याबाई म्हणाल्या, "ती सांभाळंल. कळतं तिला. मागचं काय इसरली न्हाय ती."

मी खरंच विसरले नव्हते. गोळी घेऊन गेले होते. पण शेजारी जेसीबीने माती उकरून ठेवलेली, वारा सुटलेला, समोर होमाचा धूर. गुरुजींनी मुहूर्ताची वेळ सांगितली. मी माइकवर म्हटलं, "आता आपल्या सर्वांच्या साक्षीने श्रीफळ वाढवून..." आणि प्रकाशने नारळ डोक्यापर्यंत उचलला, तेव्हा शिंक आली. साधी नव्हे, वडिलांच्या जातीची.

उजव्या हातात माइक होता. डाव्या हाताने मी नाक घट्ट दाबलं आणि तोंड मिटून घेतलं. नारळ फुटला. त्याच क्षणी माझ्या मानेत आतल्या बाजूला काहीतरी टचकन फुटलं. टाळ्या वाजल्या. कुणालाच काही कळलं नाही, आणि आत्याबाईंनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली.

पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं तर माझ्या गळ्यातून पिपाणीसारखा आवाज आला. घशात सुई टोचल्यासारखं दुखत होतं. माजी नगरसेवकांचं नाव मी त्याच आवाजात कसंबसं घेतलं आणि माइक एकाच्या हातात देऊन मांडवामागे गेले. लोकांना वाटलं, दिराची प्रगती बघून मला भरून आलं. तसं कुणीतरी माइकवरून बोललंसुद्धा.

ठसका

सुनील मला गाडीत घालून ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाला. काय झालं ते मी त्याला खुणेने सांगितलं होतं; नाक धरून, तोंड मिटून, मग गळ्यावर बोट ठेवून. त्याला कळलं होतं. "दाबलीस का? बरं बरं, बोलू नकोस," असं तो म्हणाला होता. वाटेत त्याला प्रकाशचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवरच आला, म्हणून मीही ऐकला.

"दादा, डॉक्टरला पूजेचं काय बोलू नको. त्यांच्या मेव्हण्यानं फ्लॅट धरून ठेवलाय. भूमिपूजनालाच घरचं माणूस दवाखान्यात म्हटलं तर त्यो काय थांबतोय व्हय?"

सुनील म्हणाला, "बरं."

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं वहिनींना?"

मी सुनीलकडे बघितलं. तू सांग, अशा अर्थाने. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहिलं आणि म्हणाला, "जेवताना ठसका लागला जोरात."

मी नाकाकडे बोट नेलं. डॉक्टर म्हणाले, "सर्दीपण आहे का? मग तीही गोळी लिहितो." कोमट पाणी, गुळण्या, मऊ खाणं, बोलणं कमी. आम्ही घरी आलो. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर फार नाही. वाटलं, दोन दिवसांत बरं होईल, कशाला वाढवायचं? लग्न झालेल्या बाईला "कशाला वाढवायचं" हे वाक्य वरचेवर सुचतं.

आत्याबाईंनी मऊ वरणभात कालवून आणला, वर तूप घातलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. "चार घास खा, आतून वंगण मिळंल," म्हणाल्या. प्रत्येक घासाला डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण मी खाल्लं. ते अन्न कुठे चाललंय हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मान सुजली. कातडीवर बोट दाबलं की आत चुरचुर वाजायचं, कुरमुऱ्यांच्या पिशवीवर दाबावं तसं. ताप चढला. थुंकी गिळवेना. सुनील म्हणत होता, गोळीचा गुण यायला वेळ लागतो. तेवढ्यात माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने मला बघितलं आणि फोन ठेवला. मग विश्रांतवाडीहून रिक्षा करून ती आली, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दारातच सुनीलला म्हणाली, "गाडी काढा जावईबापू. का अजून मुहूर्त बघायचाय?"

निदान

सदाशिव पेठेतल्या एका हॉस्पिटलात आईच्या ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, बारीक, बोलायला तुटक. त्यांनी दोन बोटांनी माझी मान दाबली, चुरचुर ऐकली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कशाने झालं?"

"ठसका लागला होता," सुनील म्हणाला. दुसऱ्यांदा. या वेळी फोनवर प्रकाश नव्हता, डॉक्टरांच्या मेव्हण्याचा फ्लॅट नव्हता. एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही, एवढंच कारण असावं.

"ठसक्याने एवढं होत नाही. आपण जरा बाहेर बसता का?"

तो बाहेर गेला. डॉक्टर माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "बोलू नका. मान हलवा. उलटी झाली होती? नाही. काही टोचलं? मारलं कुणी?" हे विचारताना त्यांनी दरवाजाकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. मग मी नाक चिमटीत धरलं, ओठ मिटले आणि डोळे वटारले.

"शिंक? दोन्ही बंद करून दाबलीत?"

मी मान हलवली आणि रडायला लागले. दुखत होतं म्हणून नव्हे. कुणीतरी विचारलं म्हणून.

स्कॅन झाला. घशाच्या मागच्या बाजूला आतून चीर पडली होती. त्यातून हवा मानेत पसरली होती, आणि हवेमागून आत्याबाईंचा वरणभात. त्यामुळे संसर्ग झाला होता आणि तो छातीकडे उतरण्याची भीती होती. डॉक्टरांनी मला साध्या भाषेत सांगितलं. शिंकेची हवा जोरात येते, तिला बाहेर जायला वाट लागते. पुढचं दार आणि मागचं दार दोन्ही लावून घेतलीत तर ती कुठेतरी भिंत फोडते. बहुतेकांचं काही होत नाही, एखाद्याच्या कानाचा पडदा जातो, आणि क्वचित कुणाचा घसा फाटतो. "शिंक आली की रुमाल धरा आणि शिंका. एवढंच," त्या म्हणाल्या. मीही वाचणाऱ्याला एवढंच सांगीन. समोर कुणीही नारळ घेऊन उभा असला तरी.

आणि सुनीलला त्यांनी आत बोलावून सांगितलं, "पहिल्याच दिवशी खरं कळलं असतं तर तोंडाने सगळं बंद ठेवलं असतं. बहुतेकदा ही जखम आपोआप भरते. आता चिरावं लागेल."

सुनीलचा चेहरा पांढरा पडला होता. मला त्या वेळी त्याची दया आली, याचा मला आज राग येतो.

नळी

मानेच्या डाव्या बाजूला चिरून पू काढला. नाकातून पोटात नळी घातली. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. ऑपरेशनच्या आधी मी गळ्यावर हात ठेवून डॉक्टरांकडे प्रश्नार्थक बघितलं होतं. त्यांना कळलं. "आवाजाचं नंतर बघू. आधी तुम्ही," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण स्ट्रेचरवर पडल्यापडल्या मला वाटत होतं, आवाजाशिवाय आधी मी म्हणजे कोण?

हॉस्पिटलचे दिवस एकसारखे असतात. पहाटे टेम्परेचर, मग झाडू, मग नळीतून फिकट रंगाचं काहीतरी, मग डॉक्टरांची फेरी. इतर पेशंटना उपमा यायचा तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायची. तहानेची कल्पना ज्याला नाही त्याला ती समजावता येत नाही. एक सिस्टर ड्युटीवर आली की ओल्या कापसाने माझे ओठ पुसायची. सांगितलेलं नसताना. तिचं नाव मला शेवटपर्यंत विचारता आलं नाही, कारण विचारायला आवाज नव्हता आणि पुढे ती दुसऱ्या वॉर्डात गेली.

शेजारच्या कॉटवर थायरॉइडच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एक काकू होत्या, नारायण पेठेतल्या. त्या अखंड बोलायच्या. सुनांबद्दल, सोसायटीच्या पाण्याबद्दल, हॉस्पिटलच्या चहाबद्दल. "तुमचं बरं आहे," एकदा म्हणाल्या, "तुम्ही ऐकता तरी. आमच्याकडे सगळे बोलणारे." मला त्यांच्यामुळे बरं वाटायचं. मी आजारी आहे याकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं.

आई दिवसभर बसायची, रात्री सुनील. सुनीलने सगळं केलं, हे लिहायलाच हवं. माझे केस विंचरले, भांडं दिलं, ऑफिसला रजा टाकली, खुर्चीत बसून झोपला. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, नवरा असावा तर असा. फक्त त्या एका वाक्याबद्दल तो बोलला नाही. मी त्याच्याकडे बघत राहायची. तो पांघरूण नीट करायचा.

प्रकाश एकदाच आला. फळांची टोपली घेऊन आला. नाकात नळी असलेल्या बाईला सफरचंदं, चिकू आणि द्राक्षं. ती टोपली काकूंनी संपवली.

"वहिनी, तुमच्यामुळं काम निर्विघ्न झालं बघा," तो म्हणाला. "पयला मजला सगळा बुक झाला."

त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाला, "तेवढं कुणाला भूमिपूजनाचं बोलू नका. वहिनी माहेरी गेल्यात, असंच सांगितलंय सगळ्यांना."

आई म्हणाली, "सांगा की. फक्त माहेरी कशाने पाठवलीत तेही सांगा."

घोट

एक पांढरं औषध गिळायला देऊन घशाचे एक्स-रे काढले. गळती बंद झाली होती. मग डॉक्टरांनी स्वतः चमच्याने पाणी पाजलं. साधं, हॉस्पिटलच्या कूलरचं पाणी. ते खाली उतरताना मला प्रत्येक इंच कळलं. त्यानंतर मी पाण्याला कधी चव नसते म्हटलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "आता बोला बघू. तुमचं नाव."

मी नाव सांगितलं. खोलीत एक अनोळखी बाई बोलली. घोगरी, अर्धी हवा, अर्धा आवाज. आई पदराशी चाळा करत बसली. डॉक्टरांनी सांगितलं की संसर्गात डाव्या स्वरतंतूची नस दुखावली आहे. व्यायामाने सुधारेल, कितपत ते आताच सांगता येणार नाही.

व्यायाम केले. अजून करते. फुंकर मारायची, अ धरायचा, ऊ धरायचा. आवाज आला, पण दमलेला आला. छोट्या खोलीत बोलता येतं. थोडा वेळ बोललं की विरत जातो, आणि गोंगाटात तर निघतच नाही. एका छोट्या सभागृहात ओळखीच्यांनी कार्यक्रम दिला. स्वागत नीट झालं. पाहुण्यांचा परिचय करून देताना मध्येच आवाज गेला आणि नुसता श्वास माइकमधून सभागृहात घुमला. लोक शिष्टाचाराने टाळ्या वाजवत राहिले. टाळ्यांची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आता मी संहिता लिहून देते आणि एक तरुण मुलगी त्या वाचते. छान वाचते. माझे विराम मात्र ती गाळते.

चारचौघांत

प्रकाशच्या इमारतीचा स्लॅब टाकून झाला तेव्हा त्याने घरी जेवण ठेवलं. भावकी जमली होती. पंगतीत सुनीलचे मामा माझ्यासमोर होते. त्यांनी माझा आवाज ऐकून विचारलं, "सूनबाई, आवाजाला काय झालं गं? माहेरी होतीस म्हनं, आजारी पडलीस का तिकडं?"

मी उत्तर द्यायच्या आत सुनील म्हणाला, "ठसका लागला होता, मामा."

हे तिसऱ्यांदा. माझ्या शेजारी बसून, माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढून.

मी म्हणाले, "ठसका नाही, मामा. शिंक. भूमिपूजनाला आली होती, नारळ फुटेपर्यंत दाबली. घसा फाटला. डॉक्टरांना यांनी ठसका सांगितलं, म्हणून मान चिरावी लागली." आणि गळ्यावरची ओढणी काढली. व्रण अजून लाल आहे.

वाढणाऱ्या मुली थांबल्या. आत्याबाई म्हणाल्या, "शुभ दिवशी हे काय काढलंस?" प्रकाश पानावरून उठला. मामांनी एकदा सुनीलकडे पाहिलं आणि खाली बघून कोशिंबीर खायला लागले. सुनीलने मान वर केली नाही.

परत येताना कात्रजच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. सगळ्या बाजूंनी हॉर्न वाजत होते. काच अर्धी खाली होती. स्टिअरिंगवर बोटं आपटत सुनील म्हणाला, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

मी म्हणाले, "दवाखान्यात चारचौघे नव्हते, सुनील. तू, मी आणि डॉक्टर. तिथे बोलला असतास तर मला इथे बोलावं लागलं नसतं."

तो माझ्याकडे वळला. "काय? काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, मला सांगता येणार नाही. मी पुन्हा तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाढले आणि त्याने गाडी पुढे घेतली. त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही. म्हणून लिहून ठेवलं आहे.